काटेदरवाजावरचा मुका दूत

१

हीनगल घाटाच्या काटेदरवाजावर राजाच्या दूताला राजाच्याच पहारेकऱ्यानं गोळी घातली, ही बातमी मद्दुमराळ लेकमला घाट चढतानाच भेटली, आणि भेटली ती चार तोंडांनी. पहिला म्हणाला, दूत जागीच गेला. दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दूतच दोन होते. तिसऱ्यानं किनारा बळकावून बसलेल्या वलंदेजांची अख्खी पलटण पायथ्याशी आणून उभी केली. चौथा मिठाची कावड वाहणारा होता. त्याला एवढंच हवं होतं की दरवाजा उघडणार कधी. लेकमचा विश्वास बसला तो चौथ्यावर.

लेकमचं काम गणतीचं. दर सुगीनंतर चौक्या फिरायच्या, शिपाई मोजायचे, हत्यारं मोजायची. कुणाच्या घराकडे राजानं दिलेलं कुठलं शेत आणि त्यापोटी कुणी किती दिवस पहारा द्यायचा, हे त्याला तोंडपाठ. माणसांचे चेहरे मात्र त्याच्या डोक्यात राहत नसत. बंदुका राहत. "बंदूक बायकोसारखा रोज चेहरा बदलत नाही," असं तो स्वतःच्या बायकोसमोरही म्हणत असे, आणि तिनं त्यावर काय केलं हे गावाला ठाऊक होतं.

चौकीचा अंमलदार, मोहोट्टाळ, त्याला सामोरा आला. अलहकोन मोहोट्टाळ गेल्या वर्षी नेमलेला, त्यामुळे अजून चौकोनी टोपी रोज घालत होता. कमरेला सिंहमुखी मुठीची कस्ताने तलवार. ती म्यानातून निघालेली कुणी पाहिली नव्हती. मात्र म्यानाच्या टोकानं पिंढरीवरच्या जळवा खरवडून काढताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"राळहामी, बरं झालं आलात," तो अदबीनं म्हणाला. "घात झाला. पहाटेच्या धुक्या-पावसात दूत खालून वर आला. पांढरं कुडतं, दूताची टोपी, हातात बंदूक. आणि आमचा पिनहामी! दूताला कुणी अडवायचंसुद्धा नसतं, आणि यानं सरळ गोळी घातली!"

"मेला?"

"उजव्या दंडाचं हाड गेलंय. जिवंत आहे, पण बोलत नाही."

"बेशुद्ध?"

"डोळे उघडे आहेत. मी म्हणतो, निरोप फक्त दिसाव्यांच्या कानात सांगायचा असणार, म्हणून तोंड मिटून आहे."

"पाणी मागायलाही दिसावे लागतात का त्याला?" लेकमनं विचारलं.

मोहोट्टाळला हसावं की नाही ते कळेना, म्हणून तो पुढे बोलत राहिला. दिसावे म्हणजे प्रांताचे धनी. त्यांच्याकडे त्यानं सकाळीच माणूस धाडला होता. दुपार कलली की त्यांचे लोक येऊन पिनहामीला घेऊन जाणार. दूतावर हात टाकणाऱ्याचं पुढे काय होतं ते सांगायची गरज नव्हती. त्याचं शेतही जायचं.

"आणि आणखी एक," मोहोट्टाळ आवाज खाली आणून म्हणाला, "दूताची वेताची काठी सापडत नाही. चांदीच्या कड्यांची. पिनहामीनं दरीत फेकली असणार. दोन माणसं सकाळपासून शोधताहेत."

लेकमनं दरीत वाकून पाहिलं. ती दोन माणसं काठीपेक्षा स्वतःच्या अंगावरच्या जळवाच जास्त शोधत होती.

"काठी सापडली नाही," लेकम हळूच म्हणाला, "याचं एक कारण असंही असू शकतं, की ती नव्हतीच."

२

पिनहामीला सुपारीच्या झाडाला बांधलं होतं. वेलीचे फास इतके सैल होते की मनात आणलं असतं तर तो केव्हाच निघून गेला असता. त्याच्या मनात ते आलं नव्हतं. माणूस तसाच होता: सांगितलं तिथं उभा राहणारा.

"का मारलीस?"

"तो आपला वाटला नाही, राळहामी."

"कशावरून?"

पिनहामीनं बराच वेळ विचार केला. विचार करताना तो तोंड उघडं ठेवत असे. "तेच तर सापडत नाही. तीनदा हाळी दिली. थांब म्हटलं. तो बोलेना, चालत राहिला. दूत आहे हे दिसत होतं हो मला! कुडतं दिसत होतं. पण अंगावर असा काटा आला... आणि हातानं चाप ओढला. डोक्याला कुणी विचारलंच नाही."

"दिसाव्यांसमोर हेच सांगणार?"

"दुसरं काय सांगू? खोटं सांगायचं तर आधी सुचायला तर हवं."

"ओळखतोस का त्याला?"

"मी कसा ओळखणार? मी पल्याडच्या खोऱ्यातला. इथं घरजावई म्हणून आलोय, दोन सुग्या झाल्या. शेत सासऱ्याचं, पहारा शेतापोटी माझ्याकडे." मग त्याला एकदम बायको आठवली. "तिकिरीला सांगा, बैल कुंपणाबाहेर सोडू नको म्हणावं. बिबट्या टपलाय."

मरायला निघालेल्या माणसानं बैलाची काळजी करावी, याचं लेकमला हसू आलं नाही. त्यानं आतापर्यंत पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते. त्यांच्याकडे कारण नेहमी तयार असे, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त. कारणच नसलेला गुन्हेगार त्याला पहिल्यांदा भेटत होता.

३

जखमी माणूस चौकीच्या ओसरीवर पडला होता, गळ्यापर्यंत पांघरलेला. तिशीतला, दाढीत अर्धा चेहरा बुडालेला, डोळे तापानं लाल. लेकमनं "काही हवंय का?" विचारलं, तर त्यानं डोळे मिटून घेतले.

"तुम्ही पांघरूण काढून पाहिलंत?" लेकमनं मोहोट्टाळला विचारलं.

"दूताच्या अंगाला मी कसा हात लावू? जखम वैद्यानं बांधली, कुडतंही त्यानंच उतरवलं."

लेकमनं लावला. राजाचे शिपाई उघड्या अंगानं पहारा देतात. उन्हानं त्यांच्या छात्या मडक्यासारख्या एकसारख्या भाजलेल्या. याचीही छाती तशीच भाजलेली होती, पण उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत कातडीचा एक फिकट पट्टा तिरपा गेला होता, चार बोटं रुंद. जणू तेवढ्या जागेवर कित्येक महिने ऊन पडलंच नव्हतं. लेकमनं ते पाहिलं, पांघरूण नीट केलं आणि विड्याला चुना लावत बसला.

मग त्यानं बाजूला काढून ठेवलेलं कुडतं घेतलं. रक्ताचा डाग उजव्या बाहीवर. तेलाचा आणि दारूच्या काजळीचा डाग मात्र डाव्या काखेखाली. जखमीच्या हाताशी धरल्या तर बाह्या मनगटापासून वीतभर आखूड. त्यानं कुडतं नाकाशी नेलं. रक्त, घाम, आणि त्यांच्याही खाली वाळ्याचा वास. पेटीत वाळ्याची मुळं घालून जपून ठेवलेल्या कपड्यांना येतो तसा. रोज अंगावर चढणाऱ्या कुडत्याला घामाचा वास येतो, वाळ्याचा नाही.

शेवटी त्यानं बंदूक उचलली, आणि इथं त्याचा चेहरा खुलला, कारण आता तो आपल्या माणसांत आला होता. बंदूक अस्सल इथलीच. दस्ता मागे दोन फाट्यांत दुभंगलेला, नळीवर चांदीची वेल, चाप आणि चकमक डाव्या अंगाला, जशी आपल्या लोहारांची रीतच आहे. पण ती त्याच्या गणतीतली नव्हती. दस्त्यावर एका जागी काहीतरी डागलेलं होतं आणि कुणीतरी ते पात्यानं खरवडलं होतं.

"भरलेली होती," मोहोट्टाळ म्हणाला. "तशीच ठेवलीये."

लेकमनं रंजकदाणी उघडली. आतल्या दारूची खीर झाली होती. चापाच्या खाचांत पाणी. बंदूक उलटी फिरवून पाहिली, तर उजवं अंग कोरडं ठणठणीत.

एवढ्यात पायवाटेनं एक बाई डोक्यावर मडकं घेऊन आली. पिनहामीची बायको, तिकिरीमेणिके. ती झाडापाशी गेली, नवऱ्याच्या तोंडाशी पेज धरली. "पी. सांडू नकोस." ती त्याला अरे-तुरे करायची, शेत तिच्या बापाचं होतं.

"खारट आहे," पिनहामी म्हणाला.

"रोज खारटच असते. आज कळलं का?"

मग ती ओसरीवर आली आणि कुणी न सांगता जखमीच्या उशाशी बसली. त्याच्यासाठी वेगळं भांडं होतं. नाचणीची पेज, वर कितुल माडाचा गूळ किसून घातलेला. तिनं एक घोट पाजला. त्याचा घसा हलला, आणि बंद पापण्यांखालून पाणी आलं.

लेकम विडा चघळायचा थांबला.

नवऱ्याचा जीव ज्याच्यापायी चालला होता, त्याला ही बाई गूळ घालून पेज पाजत होती. आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, पण तिची नजर नवऱ्याकडून याच्याकडे, याच्याकडून पुन्हा नवऱ्याकडे, अशी दोन दारांत अडकल्यासारखी फिरत होती.

४

पावसाची भुरभुर पुन्हा सुरू झाली. लेकमला तीच हवी होती.

"मोहोट्टाळ, पहाऱ्यावरचे सगळे बंदुका घेऊन अंगणात. गणती."

"आत्ता? पावसात?"

"बंदुकांना पाऊस लागला की कुणाची निगा कशी आहे ते कळतं."

शिपाई कुरकुरत आले, कमरेच्या धडप्यावर आणि उघड्या अंगानं. भुरभुर अंगावर येताच, कुणीही हुकूम न देता, प्रत्येकानं बंदूक उजव्या काखेत दडपली. नळी खाली, दस्ता मागे. त्यामुळे डाव्या अंगाची चकमक आपोआप बरगडीला टेकली आणि कोरडी राहिली. त्यांना विचारलं असतं की असं का धरता, तर एकालाही सांगता आलं नसतं. बाप तसाच धरायचा, म्हणून मुलगाही धरतो.

"झालं?" एक जण पुटपुटला. "की आता नाचूनही दाखवायचं?"

"तू नाचू नकोस, घाट आधीच खचलाय," लेकम म्हणाला. त्यानं जखमीची बंदूक उचलली, अंगणाच्या टोकाला धुक्यात गेला, वळला आणि पिनहामीच्या झाडाकडे चालत येऊ लागला. बंदूक त्यानं डाव्या काखेत धरली होती. चकमक बाहेर, पावसात.

पिनहामीनं वर पाहिलं. त्याच्या दंडावर सर्रकन काटा उभा राहिला. वेलींसकट तो अर्धा उठला.

"तसंच!" तो ओरडला. "राळहामी, अगदी तसंच! काहीतरी... उलटं!"

"उलटंच," लेकम म्हणाला. "तुझ्या डोळ्याला दिसलं, तोंडाला सांगता आलं नाही. चल, निदान तुझा डोळा तरी कामाचा निघाला."

मोहोट्टाळ भिजत उभा होता. "डाव्या काखेत धरली म्हणून काय झालं? डावखुरा असेल."

"डावखुरा माणूस विडा कुठल्या हातानं खातो ते मला विचारू नका. पण रंजक भिजवणारा डावखुरा मी अजून पाहिला नाही." लेकम ओसरीकडे निघाला. "तिकिरी, जरा विहिरीपर्यंत चल. पाणी काढायचंय."

मोहोट्टाळनं मडक्याकडे पाहिलं. ते काठोकाठ भरलेलं होतं.

५

विहिरीपाशी तिकिरी उभी राहिली ती हात घट्ट बांधून.

"मी बोलतो, तू ऐक," लेकम म्हणाला. "चुकलं तिथं थांबव. वलंदेजांच्या बंदुकीची चकमक उजव्या अंगाला असते. किनाऱ्यावर त्यांच्या चाकरीत आपलेच लोक आहेत, लास्करीन. त्यांना पावसात ती बंदूक डाव्या काखेत धरावी लागते. वर्षा-दोन वर्षांत हाताला तीच सवय जडते, मग हातात आपली बंदूक आली तरी हात ऐकत नाही. त्यांच्या छातीवरून काडतुसांच्या पेटीचा पट्टा तिरपा जातो. तेवढी कातडी फिकट राहते. त्या माणसाची बंदूक आपली आहे, पण बरीच वर्षं कुणाच्या तरी कोठारात पडून होती. कोठाराचं डागणं कुणीतरी खरवडलंय. म्हणजे लास्करीन आपली पकडली गेलेली बंदूक घेऊन वर आला. इथवर ठीक?"

तिकिरीनं नजर विहिरीत वळवली.

"आता कुडतं. ते पेटीत वाळा घालून ठेवलेलं होतं. तुझा बाप दूत होता, हे माझ्या गणतीत आहे. त्याचं कुडतं त्या माणसाला बाह्यांत आखूड होतंय, म्हणजे पोरगा बापापेक्षा उंच निघाला. पेजेत गूळ घातला की त्याला आवडतं, हे तुला कुणी सांगायला लागलं नाही. आणि तुझ्या नवऱ्यानं तीन हाळ्या दिल्या तेव्हा तो बोलला नाही, कारण इथला एखादा पहारेकरी आवाज ओळखेल अशी त्याला भीती होती. मला चेहरे आठवत नाहीत, तिकिरी. पण एक बंदूक आठवते. महाओयेच्या काठावरून आपली फौज मागे हटली तेव्हा तुझ्या घरातली एक बंदूक नदीत गेली आणि तिच्याबरोबर एक शिपाईही गणतीतून गेला. कवराळ. तुझा थोरला भाऊ."

ती विहिरीच्या काठावर बसली. रडली नाही. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र धडाधड बोलली.

"बंदूक हातून सुटली म्हणून पळाला. राजाची बंदूक! घरी तोंड कसं दाखवायचं? मिठाच्या कावडवाल्याबरोबर निरोप आला, की त्यांच्या कोठारातून आपली एक बंदूक मिळवलीये, ती राजधानीत, महानुवरला नेऊन राजाच्या पायाशी ठेवतो, मग मारोत की तारोत. पण फरारी म्हणून दरवाजावरच पकडला असता ना! मीच बापाचं कुडतं आणि टोपी घाटाखालच्या झाडाच्या ढोलीत ठेवली. दूताला कुणी विचारत नाही. ह्याची पाळी संध्याकाळची होती, राळहामी! दुसरा आजारी पडला आणि हा मूर्ख पहाटे जाऊन उभा राहिला!"

"नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"त्याला खोटं बोलता येत नाही. आणि..." ती थांबली. "घरजावई आहे. भाऊ आला की आपल्याला हाकलणार असं त्याला वाटलं असतं. म्हटलं, आधी भावाचा निकाल लागू दे."

"आणि सकाळपासून गप्प का?"

"कुणासाठी बोलू?" ती म्हणाली. "खरं सांगितलं तर भाऊ जातो. नाही सांगितलं तर हा जातो. तुम्ही सांगा, कुठला देऊ?"

खालच्या वळणावरून ढोलाचा आवाज आला. दिसाव्यांचे लोक घाट चढत होते.

६

तो ओसरीवर परतला तेव्हा मोहोट्टाळनं टोपी सरळ केली होती. लेकम जखमीच्या जवळ, त्याला नीट ऐकू जाईल असा उभा राहिला.

"मोहोट्टाळ, पिनहामीला सोडून तयार ठेवा. ते आले की त्याला न्यायचंय. दिसाव्यांकडून तो परत यायचा नाही. तिकिरीला तेवढं निरोप घेऊ द्या. नवरा आहे तिचा."

जखमीचे डोळे उघडले. तापातून तो वर आला तो बुडणारा माणूस पाण्याबाहेर येतो तसा.

"कुणाचा... नवरा?"

सकाळपासूनचे त्याचे पहिले शब्द. आणि बोली याच खोऱ्यातली.

"तिकिरीचा. तुला गोळी घालणारा."

माणसानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. "नंगी," तो म्हणाला, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, "सांगायचं नाही का? मला वाटलं, कुणी परका आहे." मग मोहोट्टाळकडे वळून, "त्याला सोडा. मी कवराळ. बंदूक हरवून पळालेला. मला बांधा."

मोहोट्टाळचं तोंड उघडं राहिलं, पिनहामीसारखं. मग त्याला सुचलं. "म्हणजे पिनहामीनं मेव्हण्याला ओळखून मारलं! शेतासाठी!"

"ओळखलं असतं तर मारायची गरज काय होती?" लेकम म्हणाला. "फरारी आहे म्हणून धरून दिला असता की शेत आपसूक यालाच राहिलं असतं. सकाळपासून गळ्याला फास आहे. 'तो दूत नाही, फरारी आहे,' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. म्हणाला नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं हाळी दिली, उत्तर आलं नाही, परकी सवय दिसली, गोळी घातली. पहारा याहून वेगळा कसा करतात?"

"पण हा दूताचं सोंग घेऊन आला! त्याला मरणच!"

"मी दूत आहे, असं तो म्हणाला?"

"नाही, पण..."

"दूताची काठी होती?"

"नाही."

"मग दूत कोण म्हणालं?"

मोहोट्टाळचा हात टोपीकडे गेला. ते कोण म्हणालं होतं हे सगळ्या चौकीला ठाऊक होतं. दिसाव्यांनाही एव्हाना ठाऊक झालं असेल.

"बापाचं कुडतं घालून घरी येणं गुन्हा ठरवलात," लेकम म्हणाला, "तर या घाटातली सगळी झाडं कमी पडतील बांधायला. आता मला गणतीत काहीतरी सांगायचंच आहे. एक: अलहकोन मोहोट्टाळला दूत ओळखता येत नाही. दोन: अलहकोन मोहोट्टाळच्या चौकीवर वलंदेजांच्या चाकरीतला एक शिपाई बंदुकीसकट राजाकडे परत आला. किनाऱ्यावरून हत्यार घेऊन येणाऱ्याला राजा माफ करतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! कुठलं सांगू?"

ढोल अगदी जवळ आला होता. मोहोट्टाळनं मूठ धरून तलवार नीट केली.

"माझ्या चौकीवर," तो घसा साफ करत म्हणाला, "शिस्त कडकच आहे. शिपाई बंदुकीसकट आला. आता हे त्यांना तुम्हीच सांगा, राळहामी. तुमची जीभ मोकळी आहे."

दिसाव्यांच्या लोकांना लेकमनं विडा दिला, बसवलं आणि इतकं बारीकसारीक सांगितलं की ते कंटाळून बंदूक आणि कवराळचा जबाब घेऊन परत गेले. दिसाव्यांचं उत्तर यायला पंधरवडा गेला. माफी आली, एका अटीवर: त्या शेताचा पहारा एक दिवसही चुकता कामा नये.

उत्तर घेऊन लेकम स्वतःच तिकिरीच्या घरी गेला. कवराळ अंगणात बसला होता. दंडाला खपच्या बांधलेल्या, बोटं सुजलेली. वैद्यानं सांगितलं होतं की तो हात आता भाताचा घास तोंडापर्यंत नेईल, बंदूक खांद्यापर्यंत नेणार नाही.

पिनहामी उंबऱ्यात उभा होता. घरजावयानं दारामागे ठेवायच्या तीन वस्तू त्यानं काढून घेतल्या होत्या: काठी, डोक्यावर धरायचं तालाचं पान आणि चूड. घरानं नको म्हटलं की या तीन घेऊन निघायचं, अशी रीत. अजून कुणी नको म्हटलं नव्हतं. पण सांगितलं तिथं उभं राहणाऱ्या माणसानं, आता इथं कुणी उभं राहा म्हणणार नाही, असा स्वतःच हिशोब केला होता. आतून तिकिरीची भांडी जोरात आपटत होती. ती बोलत नव्हती. भावाच्या घरात नवऱ्याला थांब म्हणायचा हक्क आता भावाचा होता.

"येतो मी," पिनहामी जमिनीकडे बघत म्हणाला. "हातासाठी... मला माफ कर म्हणायचं तोंड नाही."

कवराळनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"कुठं निघालास, मस्सिना?" तो म्हणाला, मेव्हण्याला म्हणतात तसं. "हात मोडायचा, आणि नांगरणीच्या तोंडावर पळून जायचं? पळायचा मान या घरात माझा आहे, तुझा नाही. ते पान ठेव आणि बैल सोड. उद्यापासून पहारा तुझा, नांगर तुझा. मी बांधावर बसून तुझ्या चुका काढणार."

आत भांडी थांबली. पिनहामी तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली, आणि बैल सोडायला निघाला तो अंगण ओलांडेपर्यंत दोनदा धडपडला.

"पाऊल उजवीकडे टाक की रे!" कवराळ पहिली चूक काढत ओरडला.